उजव्या बाजूचे शब्द

शाळेत मला 'उलटबाई' म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', आणि पाठ वळली की 'उलटबाई'. नाव पोरांनी ठेवलं असलं तरी कारण मीच पुरवलेलं. एकतीस वर्षं मी सहावीच्या वर्गाला इंग्रजीतले विरुद्धार्थी शब्द शिकवले. तेच चाळीस, त्याच क्रमानं. पहिला बिग-स्मॉल, बारावा प्रेझेंट-ॲबसेंट, चाळिसावा कम-गो. क्रम बदलला तर जेवणात मीठ घालायचं राहिल्यासारखं वाटायचं. वर्गात शिरताना मी एक शब्द फेकायचे आणि साठ तोंडांतून त्याचा उलटा शब्द परत यायचा. कुणी चुकलं की मी चिडायचे. मी फार लवकर चिडायचे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळण्यापेक्षा बरं.

पण ही गोष्ट माझी नाही, पेंटरची आहे.

पेंटर आमच्या शाळेचा कायमचा माणूस नव्हता. दर उन्हाळ्याच्या मोठ्या सुट्टीत यायचा, फळे काळे करायचा, बाकांवर नंबर टाकायचा आणि आम्ही परतायच्या आत निघून जायचा. त्यामुळे त्याचं काम आम्हाला रोज दिसे, तो कधीच नाही. उंच माणूस, खांदे पुढं झुकलेले, कानामागं पेन्सिल. खांद्यावरच्या फडक्याला इतके रंग लागलेले, की त्याचा मूळ रंग कोणता हे त्यालाही सांगता आलं नसतं. आपली अक्षरं त्याला वाचता यायची, जोडाक्षर आलं की ठेचकाळायचा. इंग्रजी अक्षरं मात्र त्याच्या लेखी चित्रं होती. नमुना समोर ठेवा, तो सुतानं रेघा मारून, चौकोन पाडून, हवं तेवढं मोठं करून देणार. अगदी हुबेहूब. फक्त काय लिहिलंय ते विचारायचं नाही.

त्यावरून एकदा गंमत झाली होती. एका दुकानदारानं 'इथे गाडी लावू नका' अशी इंग्रजी पाटी करायला दिली आणि नमुन्याचा कागद हातात देताना उलटा दिला. यानं पाटी उलटी रंगवली. दुकानदार बघतच राहिला. "अहो, हे उलटं आहे!" हा शांतपणे म्हणाला, "मग उलटी टांगा की!" पाटी फिरवून टांगली आणि सगळं सरळ झालं. पण घरी गेल्यावर त्याच्या मुलीनं त्याला फैलावर घेतलं. "पाटी होती म्हणून निभावलं, बाबा. भिंत असती तर घर फिरवून ठेवणार होतात का?" त्या दिवसापासून तपासणीचं खातं तिनं स्वतःकडं घेतलं. सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याबरोबर कामावर जायची. ती रंगवलेलं वाचायची आणि तो मजकुराकडं न बघता तिच्या तोंडाकडं बघायचा. तोंड वाकडं झालं की कुठंतरी चुकलं.

घरात तिला ठकी म्हणत. आई ती लहान असतानाच वारली होती. पेंटरची बहीण, म्हणजे ठकीची आत्या, घर सांभाळायची.

हे सगळं मला नंतर कळलं. ठकी मला माहीत होती ती हजेरी क्रमांक चौतीस म्हणून. सहावीला ती माझ्याकडं इंग्रजीला होती. हुशार, पण अक्षरात नखरे फार. इंग्रजी 'जी'ची शेपटी इतकी लांब काढायची, की ती खालच्या ओळीतल्या अक्षरांच्या डोक्याला लागायची. तिच्या वहीत मी लाल शाईनं लिहिलं होतं, 'शेपटी आवर'. तिनं आवरली नाही. सातवीला मी तिची वर्गशिक्षिका झाले, आणि त्या वर्षी ती शाळेत कमी आणि दवाखान्यात जास्त होती. रक्ताचा आजार होता. पालकसभेला आत्या यायची. बाप काय करतो ते मी कधी विचारलं नाही.

आमच्या शाळेत तीन दिवस गैरहजर राहिलं की घरी एक पिवळं कार्ड जायचं. वर जाड काळ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, खाली तारखा, त्याखाली वर्गशिक्षिकेची सही. दर वेळी कोण बसणार सह्या करत? मी वर्षाच्या सुरुवातीलाच पन्नास कोऱ्या कार्डांवर एका बैठकीत सह्या ठोकून गठ्ठा कारकुनाकडं द्यायचे. तो तारखा भरून पाठवायचा. माझ्या या उरकाचं मुख्याध्यापक इतरांना उदाहरण द्यायचे, आणि मलाही ते आवडायचं.

सहामाही परीक्षेनंतर ठकी गेली. सकाळी सगळी शाळा दोन मिनिटं उभी राहिली. मी तिच्या घरी गेले नाही. दोन मुलींच्या हाती एक पत्र पाठवलं. पेपर तपासायचे होते. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, हेही खरं.

त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पंधरा दिवस रजेवर होते. तेवढ्यात शाळेची तपासणी जाहीर झाली. मुख्याध्यापकांची धावपळ उडाली. जिन्याजवळची लांबच लांब भिंत ओकीबोकी दिसते, तिच्यावर काहीतरी शैक्षणिक रंगवून घ्या, असं त्यांनी ठरवलं आणि पेंटरला बोलावलं. विरुद्धार्थी शब्दांचा एक छापील तक्ताही दिला. पेंटर म्हणाला, "माझ्याकडं वही आहे. त्यातलं काढलं तर चालेल?" मुख्याध्यापकांना भिंत भरल्याशी मतलब. म्हणाले, काढा.

मी रजेवरून आले ती शुक्रवारची सकाळ होती. नव्या डोळ्यानं शाळेत पहिल्यांदा पाहिली ती ही भिंत. डावीकडं निळ्या रंगात शब्द, उजवीकडं लाल रंगात त्यांचे विरुद्धार्थी. वरून वाचायला लागले. बिग-स्मॉल. हॉट-कोल्ड. अरेच्चा, हा तर माझाच क्रम! मनातल्या मनात सुखावले. अकरापर्यंत सगळं ठीक. बारावं होतं प्रेझेंट-पुअर. मी चष्मा पुसला. रिच-ओल्ड. यंग-सॅड. हॅपी-डर्टी. क्लीन-वीक. तिथून थेट खालपर्यंत वाटोळं. आणि सगळ्यात शेवटी डावीकडं 'कम', त्याच्यासमोर उजवीकडं काहीच नाही, नुसती भिंत.

माझं डोकं फिरलं. त्यात पाचवीची दोन पोरं माझ्यासमोर मोठ्यानं घोकत गेली, "हॅपी गं हॅपी, उलटा डर्टी!" इतक्या वर्षांची मेहनत, तीही माझ्याच क्रमानं, भिंतीवर टांगून कुणी तिची टर उडवावी असं वाटलं. शिक्षकांच्या खोलीत गेले आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "ज्याला 'ए' की 'बी' कळत नाही त्याला भिंत दिली कुणी? आंधळ्याच्या हाती आरसा! आणि अक्षरं बघा, शेपट्या बघा त्या!" सगळे हसले. हसले म्हणून मला आणखी चेव आला. कागद ओढला आणि मुख्याध्यापकांना लेखी तक्रार दिली, की भिंतीवरचा मजकूर हास्यास्पद आहे, तो ताबडतोब पुसावा. ते घाबरट गृहस्थ. तपासणी सोमवारी. त्यांनी लगेच कारकुनाला सांगितलं, पेंटरला बोलवा, भिंत पांढरी करून घ्या, तिथं छापील तक्ते चिकटवू.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली आणि पेंटर चुन्याची बादली घेऊन आला. मी मुद्दाम थांबले होते. चार शब्द सुनावल्याशिवाय माझं पोट दुखायचं राहिलं नसतं.

"अहो पेंटर, वाचता येत नाही तर कुणाला विचारायचं तरी!"

"विचारायचो, बाई," तो म्हणाला. "पूर्वी होतं कुणीतरी."

"मग आता काय झालं?"

त्यानं हातातली बादली खाली ठेवली. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही काढली, हात फडक्याला पुसले आणि वही माझ्या हातात दिली. वर लिहिलं होतं, वर्ग सहावा, हजेरी क्रमांक चौतीस. मी पान उलटलं. चाळीस जोड्या, माझ्या क्रमानं, प्रत्येकीपुढं माझी लाल टिक. आणि समासात माझ्याच हातचं, 'शेपटी आवर'.

मी मान वर करून भिंतीकडं पाहिलं. 'बिग'ची शेपटी खालच्या ओळीवर टेकली होती. 'यंग'ची टेकली होती. 'स्ट्राँग'ची टेकली होती. पेंटरनं शब्द रंगवलेच नव्हते. त्यानं ठकीचं अक्षर रंगवलं होतं, चौकोन पाडून, हातभर मोठं करून.

"तुम्ही तिचे..."

"बाप," तो म्हणाला. "सरांनी छापील कागद दिला होता. पण म्हटलं, तिच्या हातचं आहे तर तेच काढू. भिंतीवर राहील. पोरं येता-जाता वाचतील."

माझ्यातली मास्तरीण त्याही वेळी गप्प बसली नाही. मी विचारलं, "मग वहीत सगळं बरोबर असताना भिंतीवर चुकलं कसं?"

"माझी पद्धतच तशी आहे, बाई. डावीकडचे निळे सगळे आधी संपवायचे. मग ब्रश धुवायचा आणि उजवीकडचे लाल घ्यायचे. आलटून पालटून केलं की लाल रंग मळतो. उजवीकडचे काढत काढत बाराव्याला आलो आणि हात चालेना. म्हटलं, हा शेवटी काढू, आधी पुढचे उरकू. पण त्याची जागा मोकळी सोडायची, ते ध्यानात राहिलं नाही. सगळे एकेक घर वर सरकले. आणि शेवटी तर तो काढायचा राहूनच गेला."

"बाराव्यालाच, 'ॲबसेंट'लाच का हात चालेना?"

"तो मला वाचता येतो," पेंटर म्हणाला. "इंग्रजीत तो एकच येतो. पहिलं अक्षर घोड्यासारखं. आम्ही ज्याच्यावर चढून काम करतो ना, तो लाकडी घोडा. दोन पाय फाकलेले आणि मधे फळी. मग पुढं पोटाचं एक अक्षर. तो शब्द आमच्या घरी यायचा, बाई. पिवळ्या कार्डावर."

मी भिंतीला हात टेकला.

"ठकी वाचून दाखवायची. पडल्या पडल्या हसायची. म्हणायची, बाबा, बाई मला बोलावतायत बघा, माझ्यावाचून त्यांचं अडतंय. कार्ड उशाशी ठेवायची. अशी सात झाली. आठवं आलं ते ती गेल्यावर दोन आठवड्यांनी." तो बादलीतला चुना ढवळत होता. "ते मग मीच वाचलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं.

"खाली तुमची सही होती," तो म्हणाला. "सही छान आहे तुमची. एका दमात केलेली. मी पाट्या रंगवतो ना, म्हणून मला कळतं."

मी एवढंच म्हणाले, "थांबा, पुसू नका, मी आले," आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडं पळाले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं पळायचं नसतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. मुख्याध्यापक कपाटातल्या फायली लावत होते. मी माझी तक्रार परत मागितली. ते म्हणाले, "बाई, कालच तर तुम्ही..." मी म्हटलं, "काल मी मूर्ख होते." ते म्हणाले, "पण सोमवारी तपासणीत कुणी बोट ठेवलं तर?" मी म्हटलं, "भिंत दुरुस्त होईल. आणि बोट ठेवलंच तर माझं नाव सांगा." त्यांना हे पटवायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून ते हो म्हणाले.

मी परत आले तर भिंतीची उजवी बाजू पांढरी झाली होती. वरून खालपर्यंत. पेंटर कामाला झपाट्याचा होता, आणि सांगितलेलं काम न करता उभं राहणं त्याला ठाऊक नव्हतं. चुन्याखालून कुठंकुठं लाल झाक दिसत होती.

"अहो, मी थांबा म्हटलं होतं ना!"

"म्हटलं होतं. पण बाई, भिंत शाळेची. सरांनी पुस म्हणून सांगितलं होतं." मग म्हणाला, "डावीकडं हात उचलत नव्हता. म्हणून इकडून सुरुवात केली."

मी त्या पायरीवर बसले आणि रडले. साठ पोरांना दरडावणारी बाई, शाळेच्या जिन्यात, हातात पोरीची वही धरून. पेंटरला अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, "रडू नका. डोळ्याला त्रास होईल. वही आहे की अजून."

रविवारी तो सकाळीच आला. मीही आले. मी खुर्ची टाकून वही मांडीवर घेतली. चुना नीट वाळला होता. त्यानं सुतानं रेघा मारल्या, चौकोन पाडले आणि लाल रंग घेतला. एकेक शब्द पुरा झाला की मी वाचायचे आणि तो माझ्या तोंडाकडं बघायचा. पहिल्या दोन-तीन वेळा मला कळलंच नाही तो असा का बघतो. मग आत्यानं भाकरी द्यायला आल्यावर सांगितलं, ठकीच्या वेळी हा असाच बघायचा. त्यानंतर मी तोंड अजिबात वाकडं होऊ दिलं नाही.

स्मॉल, कोल्ड, असे अकरा झाले. या वेळी त्यानं बाराव्याची जागा मोकळी सोडली आणि तेरावा घेतला. दुपार कलेपर्यंत चाळिसावा 'गो' संपला. 'कम'च्या समोर तो नीट बसला. सगळी भिंत बरोबर झाली, एक घर सोडून.

पेंटरनं ब्रश माझ्यापुढं धरला. "हा तुम्ही काढा, बाई."

"मला कुठं येतंय रंगवायला? वेडंवाकडं होईल."

"होऊ दे. माझ्यानं नाही होत. आणि तो शब्द तिचा नाही. तुमचा आहे."

मी घोड्यावर चढले. त्यानं खालून घोडा घट्ट धरला. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणारा हात माझा, पण तो एक शब्द लिहिताना थरथरत होता. पहिलं अक्षर कलंडलं, शेवटचं रेघेखाली घसरलं, मधे एक ओघळ आला. उतरून खाली आले तेव्हा म्हटलं, "माफ करा मला." त्यानं शब्दाकडं पाहिलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट हवेत फिरवलं आणि म्हणाला, "कळतोय." तेवढंच. मग ब्रश धुवायला गेला.

सोमवारी तपासणीवाले आले. त्यांनी भिंतीचं कौतुक केलं. फक्त एक शब्द कुणा शिकाऊ माणसानं काढलेला दिसतो, असं म्हणाले. मी म्हटलं, "हो, शिकतेय."

त्या वर्षापासून मी कोऱ्या कार्डावर सही केली नाही. कुणी तीन दिवस आलं नाही की मी घरी जायचे. पोरांना हा नवा त्रास आवडला नाही, आणि काही आयांनाही नाही. पेंटर दर मोठ्या सुट्टीत यायचा, फळे काळे करायचा आणि कुणी न सांगता भिंतीवरच्या एकोणऐंशी शब्दांवरून हात फिरवून त्यांना ताजं करायचा. बारावा ठेवायचा माझ्यासाठी. "तुमचं काम राहिलंय," म्हणायचा. मी घोड्यावर चढायचे, तो घोडा धरायचा. माझं वळण दर वर्षी थोडं सुधारत होतं. त्याचा खोकला वाढत होता. मी त्याला दवाखान्यात जा म्हणून सांगायचे. तो म्हणायचा, "दवाखान्याच्या पाट्या रंगवीन, आत नाही जाणार."

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी त्याच्या घरी जायला हवं होतं. पायऱ्या चढवत नाहीत, असं मी स्वतःला सांगत राहिले, आणि तरीही शाळेत जाऊन बारावा शब्द तेवढा ताजा करून आले. बाकीचे फिके पडत चालले होते.

गेल्या महिन्यात ठकीची आत्या माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "दादा गेला. हे बाईंना दे म्हणून सांगून गेलाय." प्लॅस्टिकमध्ये तीच वही होती, आणि वहीत आठ पिवळी कार्डं.

मी कार्डं उलटून पाहिली. सात कार्डांच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीचे बारीक चौकोन पाडलेले होते. प्रत्येक चौकोनात तेच एक अक्षर, दोन फाकलेले पाय आणि मधे फळी, ठकीच्या वळणाचं. त्याच्यापुढं काही नाही. ओळीच्या ओळी तशाच, खोडलेल्या, परत काढलेल्या.

"भिंतीचं काम मिळालं तेव्हा आठवडाभर हेच करत बसला होता," आत्या म्हणाली. "मी म्हटलं, कशाला जिवाला त्रास करून घेतोस? म्हणाला, भिंतीवर गेल्यावर हात अडायला नको. एका अक्षरापुढं काही सरकेना. तरी गेला काम करायला."

आठवं कार्ड मी सगळ्यात शेवटी घेतलं. त्याच्या मागं त्यानं काहीच काढलं नव्हतं. मी ते सुलटं केलं. तारखा कारकुनाच्या हातच्या होत्या. त्या तारखांना ठकी या जगात नव्हती. त्याखाली माझी सही होती, एका दमात केलेली, कुठंही न थरथरलेली.